चिकपेटच्या गल्लीत जुन्या लेन्सचा सौदा

रेशमी साड्यांसाठी नावाजलेल्या बंगळुरूच्या चिकपेटमध्ये रविवारी सकाळी वेगळाच बाजार भरतो. जुन्या घड्याळांपासून कॅमेऱ्यापर्यंत वाटेल ते मिळणाऱ्या या बाजारात एक झूम लेन्स विकत घ्यायची की नाही, याचा फैसला करताना झालेली ही भटकंती.

बंगळुरूला निघालेल्या मराठी माणसाला घरून एक सूचना हमखास मिळते, ‘चिकपेटला जाऊन ये हं!’ या सूचनेचा अर्थ साडी, हे वेगळं सांगायला नको. मलाही ती मिळाली होती. मी मान डोलावली, पण डोक्यात साडी नव्हती. होती ती एक जुनी झूम लेन्स.

त्याचं असं झालं. माझ्यासारख्या फिरून लिहिणाऱ्याला फोटोही बहुतेक वेळा स्वतःच काढावे लागतात. माझ्याकडे निकॉनचा डी ३५०० कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लहान लेन्स. देऊळ, वाडा, बाजार, जेवणाचं ताट यांना ती पुरते. पण हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाणवठ्यावर जाऊन रोहित पक्ष्यांवर लिहायचं ठरलं होतं. होडीतून ५५ मिलिमीटरच्या लेन्सने रोहित टिपला, तर फोटोत पाणी भरपूर आणि मधे गुलाबी ठिपका! त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी आणि नवी घेणं आवाक्याबाहेरचं. वर्षभर बाजूला टाकलेले दहा हजार रुपये हाताशी होते. त्याच दहा हजारांवर घरातल्या पंधरा वर्षं जुन्या फ्रीजचाही हक्क होता. निघताना बायको एवढंच म्हणाली, “घेतलीस तर नीट बघून घे. परत करायला बंगळुरूला कोण जाणार?”

धाकट्या पेठेत थोरला इतिहास

चिकपेट हे नाव ऐकायला परकं वाटतं, पण फोड केली की पुण्याच्या पेठांइतकं ओळखीचं होतं. कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे आपली पेठ. थोडक्यात, ही धाकटी पेठ. थोरली ती दोड्डपेटे. तिलाच आज अॅव्हेन्यू रोड म्हणतात. केंपेगौडा यांनी १५३७ साली हे शहर वसवलं, तेव्हा या दोन पेठा जिथे एकमेकींना छेदतात, त्या चौकातून चार दिशांना बैलांचे नांगर सोडले आणि ते थांबले तिथवर रस्ते आखले, अशी आख्यायिका बंगळुरूत आजही सांगतात. आजूबाजूच्या पेठांची नावं तिथल्या धंद्यांवरून पडली. तांदळाची अक्कीपेटे, बांगड्यांची बळेपेटे, कापसाची अरळेपेटे, कुंभारांची कुंबारपेटे. बळेपेटेत आता बांगड्यांपेक्षा वाद्यांची दुकानं डोळ्यांत भरतात, पण नाव तेच राहिलं आहे.

मराठी माणसाला या गल्ल्यांत थोडं थबकायला आणखी एक कारण आहे. १६३८मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने बंगळूर घेतलं. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि पुढे हा मुलूख त्यांच्याकडे जहागिरी म्हणून आला. त्यांचं वास्तव्य गौरी महालात होतं आणि हा महाल चिकपेटच्याच परिसरात होता, असं मानलं जातं. आज त्याची खूण शोधूनही सापडत नाही. जिजाबाई आणि बाल शिवाजी याच शहरात काही काळ राहून गेले. शहाजीराजांनंतर बंगळूर व्यंकोजीराजांकडे आलं. १६८७मध्ये त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियार यांच्याशी तीन लाख रुपयांत त्याचा सौदा ठरवला. तो पुरा होण्याआधीच मुघल सरदार कासिमखानाने शहर काबीज केलं आणि नंतर ते वडियारांच्या हाती गेलं. म्हणजे अख्ख्या शहराचाच सौदा जिथे झाला, तिथे मी एका लेन्सचा सौदा करायला निघालो होतो!

त्या काळी आणि नंतरही इकडे आलेली मराठी कुटुंबं बंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यात भावसार समाज मोठा. माझ्या वडिलांचे एक जुने स्नेही याच समाजातले. घरात मराठी, दारात कन्नड आणि बाजारात दख्खनी हिंदी, अशा तिन्ही भाषा ते सारख्याच सफाईने बोलतात. आयुष्यभर त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. वय पंचाहत्तरीपुढे गेलंय, पण काच बघायची म्हटलं की डोळे लकाकतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, “रविवारी सातला ये. येताना तुझा कॅमेरा आण आणि एक बारीक बॅटरी. पैसे मात्र घरी ठेव.” शेवटच्या अटीचा अर्थ मला नंतर कळला.

रविवारचं चिकपेट

एरवी चिकपेटमध्ये चालायला जागा नसते. रविवारी मात्र बहुतेक घाऊक दुकानांची शटरं खाली असतात आणि त्या बंद शटरांसमोर, अॅव्हेन्यू रोड आणि बी. व्ही. के. अय्यंगार रोडच्या आसपास, पथारीवाले आपली दुनिया मांडतात. लोक त्याला ‘संडे बाजार’ म्हणतात आणि ‘चोर बाजार’ही म्हणतात. पितळी समया, ग्रामोफोनचे कर्णे, रेडिओ, बंद पडलेली मनगटी घड्याळं, व्यायामाची वजनं, बूट, चार्जरच्या तारांचे गुंते असं सगळं चादरीवर शेजारी शेजारी बसलेलं असतं. एका चादरीवर मला आग्फाचा क्लिक थ्री आणि हॉट शॉट असे दोन कॅमेरे दिसले. ज्यांच्या घरच्या अल्बममध्ये महाबळेश्वरच्या सहलीचे फोटो आहेत, त्यांना ही नावं नव्याने सांगायला नकोत!

जुन्या लेन्स बंगळुरूत इतक्या का मिळाव्यात? एक कारण या शहराच्या छंदात आहे. बंडीपूर, नागरहोळे आणि रंगनथिट्टू इथून गाडीने गाठता येतात. त्यामुळे वन्यजीवांचे फोटो काढण्याची इथे जुनी परंपरा आहे. २०१७मध्ये निधन पावलेले टी. एन. ए. पेरुमाळ हे इथलंच मोठं नाव. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या मराठा राजघराण्यातले आणि कर्नाटकचे अर्थमंत्री राहिलेले एम. वाय. घोरपडे (१९३१-२०११) हेही या छंदातले नामवंत. दुसरं कारण ताजं आहे. निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी २०१८मध्ये आरशाशिवायच्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. हौशी मंडळी तिकडे वळली आणि त्यांच्या जुन्या लेन्स कपाटातून बाजारात आल्या. फोटोच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स, फॉइग्टलेंडर कंपनीची ३६-८२ची ‘झूमर’, १९५९मध्ये आली. निकॉनचा एफ माउंटही त्याच वर्षीचा. त्यामुळे माझ्या कॅमेऱ्यावर आजोबांच्या काळातली लेन्सही बसू शकते. बसू शकते, पण चालेलच असं नाही. चिकपेटमधला पहिला धडा तोच होता.

एका अक्षराचा फरक

पहिल्या पथारीवर निकॉनची ७०-३०० लेन्स होती. हलकी, दिसायला जवळपास नवी. “एष्टु?” काकांनी विचारलं. साडेतीन हजार. मी मनातल्या मनात उरलेल्या साडेसहा हजारांत फ्रीजचा पहिला हप्ता भरूनही टाकला. काकांनी लेन्स हातात घेतली, तिच्यावरची अक्षरं वाचली आणि परत ठेवली.

“ए एफ लिहिलंय, ए एफ-एस नाही,” ते म्हणाले. “आत मोटर नाही हिच्यात. तुझ्या बॉडीतही नाही. मग फोकस कोण करणार, मी?”

मुद्दा सोपा आहे, पण घाईत निसटतो. निकॉनच्या जुन्या ए एफ लेन्स कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालतात. डी ३०००, डी ५००० या मालिकेतल्या लहान कॅमेऱ्यांत ती मोटर नाही. अशा कॅमेऱ्यावर ही लेन्स लागते, प्रकाशही मोजते, पण फोकस मात्र हाताने करावा लागतो. उभ्या देवळासाठी हरकत नाही. उडणाऱ्या रोहितासाठी अवघडच. कॅननवाल्यांचीही अशीच गोम आहे. १९८७मध्ये त्यांनी माउंटच बदलला, त्यामुळे त्याआधीच्या एफडी लेन्स नंतरच्या ईओएस कॅमेऱ्यांवर सरळ बसत नाहीत. म्हणून पहिला नियम: आपल्या बॉडीचं पूर्ण नाव पाठ करूनच बाजारात जावं आणि लेन्सवरचं प्रत्येक अक्षर वाचावं.

काचेतलं जाळं

दुसऱ्या ठिकाणी हवी ती लेन्स होती. ए एफ-एस ७०-३००, शिवाय हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी व्ही आर यंत्रणाही. भाव सांगितला नऊ हजार. काकांनी दोन्ही झाकणं काढली. मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून आतलं छिद्र पूर्ण उघडलं आणि एका बाजूने बॅटरीचा झोत टाकला. दुसऱ्या बाजूने मी पाहिलं. आतल्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरलेले होते.

“धूल है साहब, कपडे से निकल जाएगी,” विक्रेता म्हणाला.

धुळीचे ठिपके असतात. बुरशीला फांद्या फुटतात. धूळ थोडी असेल तर फोटोत दिसतही नाही. बुरशी मात्र भिंगावरचा लेप खात जाते. ती साफ केली तरी कधी कधी तिचा चरा काचेवर राहतो आणि उजेडाकडे तोंड करून काढलेला फोटो धुरकट येतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे, हवा त्यामानाने कोरडी. आपल्या कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्याच्या चार महिन्यांच्या पावसात बंद कपाटातल्या बुरशीला मोकळं रानच मिळतं. विक्रेता साडेसहा हजारांवर आला. लेन्स उघडून साफ करणं सोपं नसतं आणि व्ही आरची लेन्स उघडली की भिंगं पुन्हा अचूक बसतील याची खात्री कोण देणार? आम्ही पुढे निघालो.

खरवडलेला नंबर

तिसरी लेन्सही तीच, ए एफ-एस ७०-३०० व्ही आर. विकणारा तरुण पोरगा होता. बोलण्यात गोडवा, भाव साडेपाच हजार. काकांनी पुन्हा सगळी तपासणी केली, आणि ही तपासणी वाचकांनी लक्षात ठेवावी अशीच आहे.

बॅटरीचा झोत: काच लख्ख. छिद्राची पाती: कोरडी, तेलाचा डाग नाही, पट्टी सोडताच चटकन मिटणारी. पुढची कडा: कुठे चेपलेली नाही, म्हणजे लेन्स आपटलेली नसावी. मागचे स्क्रू: त्यांच्या खाचा ताज्या, म्हणजे कुणी उघडलेली नाही. झूमची कडी फिरवताना वाळूची करकर नाही. मग ती माझ्या कॅमेऱ्यावर चढवली. बटण अर्धं दाबताच हलकीशी घरघर झाली आणि डळमळणारं दृश्य जागच्या जागी स्थिरावलं. रस्त्यापलीकडच्या एका पाटीचा फोटो घेतला, तोही ३०० मिलिमीटरवर आणि छिद्र पूर्ण उघडं ठेवून. पडद्यावर मोठा करून पाहिला तर पाटीच्या डाव्या टोकाची कन्नड अक्षरं जेवढी रेखीव, तेवढीच उजव्या टोकाची. एक बाजू धूसर आली असती तर आतलं भिंग कललेलं आहे, असं समजायचं. इथे तीही शंका नव्हती.

माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ३००ची लेन्स दीडपट, म्हणजे साडेचारशेच्या लेन्सएवढा पल्ला दाखवते. मला डोळ्यांसमोर भिगवणचं पाणी दिसायला लागलं. पैसे घरी ठेवायला सांगितल्याबद्दल काकांचा रागसुद्धा आला.

काकांनी लेन्स उलटी केली. बॅरलवर जिथे कंपनीचा क्रमांक असतो, तिथे अंगठा फिरवला आणि ती माझ्या हातात दिली. क्रमांकाच्या जागी खरवडल्याच्या बारीक रेघा होत्या.

“बिल?” मी विचारलं.

“सर, संडे मार्केट में बिल कौन देता है?” पोरगा हसला. “आप लेते तो पाँच में दे दूँगा.”

इथे नियम सांगायला कुणाची गरज नव्हती. क्रमांक आपोआप पुसला जात नाही. कुणाला तरी तो पुसायचा असतो. कायद्याचंही म्हणणं स्पष्ट आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्या क्षणी माझ्या मनात कलम नव्हतं. ही लेन्स कुणाची असेल, हा विचार होता. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या एखाद्याची? कर्ज काढून घेतलेली? बसमध्ये बॅग शेजारी ठेवून डुलकी लागली तेवढ्यात गेलेली?

दुसरीकडे मनातला व्यापारीही गप्प नव्हता. तू नाही घेतलीस तर पुढचा घेईल. मूळ मालकाला ती थोडीच परत मिळणार आहे! कदाचित पोरानेही ती कुणाकडून तरी सरळच विकत घेतली असेल. पाच हजारांत ही लेन्स आणि उरलेल्या पाच हजारांत फ्रीज. एवढी सोयीची बेरीज क्वचितच जमते.

काका काहीच बोलले नाहीत. ते शेजारच्या चादरीवरचं एक घड्याळ कानाला लावून ऐकत होते. निर्णय माझ्यावर सोडला होता.

मी लेन्स ठेवून दिली. भिगवणचा फोटो छापून आला, लोकांनी वा वा केलं आणि कुणी विचारलं, ‘कुठली लेन्स?’, तर उत्तर देताना जीभ अडखळणार. ज्या वस्तूबद्दल चार लोकांत बोलता येत नाही, ती स्वस्त कशी म्हणायची? पोरगा मागून हाक मारत राहिला, “साडेचार! सर, चार!” भाव जसजसा उतरत गेला, तसतशी शंकाही फिटत गेली.

पुढच्या चौकात काका म्हणाले, “म्हणून पैसे घरी ठेवायला सांगितले होते. खिशात असते तर हात डोक्याच्या आधी चालला असता.”

सोमवारचं चिकपेट

परतीची गाडी सोमवारी रात्रीची होती, त्यामुळे चिकपेटचं दुसरं रूपही पाहायला मिळालं. शटरं वर गेलेली. हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, दुकानांच्या पायऱ्यांवरून ‘बन्नी, बन्नी’ म्हणून बोलावणारे नोकर. आदल्या दिवशी जिथे घड्याळं मांडली होती, तिथे रेशमाचे रंग लटकत होते.

काकूंना लग्नाच्या आहेराची साडी घ्यायची होती. त्यांची खरेदी बघण्यासारखी होती. दुकानदाराने ट्यूबलाइटखाली पसरलेली साडी त्यांनी उचलली आणि सरळ दारात, उन्हात नेली. मग उलटी करून जरीची मागची बाजू पाहिली, पदराच्या शेवटाला बोट लावलं, दशा मोजल्यासारख्या चाचपल्या. “दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच साड्या चांगल्या दिसतात रे,” त्या म्हणाल्या. रविवारी काकांनी लेन्सचं जे केलं होतं, तेच काकू साडीचं करत होत्या. उजेडात धरायचं, उलटं करून बघायचं आणि जिथे लपवायला जागा आहे, तिथे आधी बोट ठेवायचं.

साडीचं काम आटोपल्यावर काका मला कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या आणि जुने विकणाऱ्या एका दुकानात घेऊन गेले. तिथे काचेच्या कपाटात तीच लेन्स होती. भाव दहा हजार. बॅरलवर थोडं खरचटलेलं, झूमच्या रबराची कड किंचित सैल. दिसायला रविवारच्या लेन्सपेक्षा थकलेली. पण काच स्वच्छ, पाती कोरडी, दोन्ही टोकं रेखीव आणि क्रमांक स्पष्ट वाचता येणारा. साडेनऊ हजारांवर सौदा तुटला. दुकानदाराने क्रमांक लिहून बिल दिलं आणि पंधरा दिवसांत काही बिघडलं तर पाठवा, असं त्याच्यावरच लिहून सही केली.

म्हणजे पोराने सांगितलेल्या शेवटच्या भावापेक्षा साडेपाच हजार जास्त गेले. ते कशाचे, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्या क्रमांकाचे आणि त्या कागदाचे. फ्रीजला आणखी एक उन्हाळा काढावा लागणार होता. फोनवर हे सांगितलं तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला, “बिल घेतलंस ना?” आणि दुसरा, “मग साडीचं काय?” पहिल्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

उरलेल्या पाचशे रुपयांतून आम्ही बळेपेटेतल्या उडुपी श्रीकृष्ण भवनमध्ये डोसा खाल्ला. १९२६पासूनचं हे हॉटेल डोशाबरोबर सागू वाढतं. पातळ भाजीसारखा हा सागू चाखल्याशिवाय चिकपेटची फेरी पुरी होत नाही.

जाणार असाल तर…

मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरूच्या केएसआर स्थानकावर उतरता येतं. स्थानकाला लागूनच मॅजेस्टिक. तिथून मेट्रोच्या हिरव्या मार्गावर पुढचंच स्थानक चिकपेट. जून २०१७मध्ये ते सुरू झालं. रविवारी मेट्रो इतर दिवसांपेक्षा उशिरा सुटते, हे लक्षात ठेवा. जुना बाजार पाहायचा तर रविवारची सकाळ आणि साड्यांसाठी आठवड्यातला इतर कुठलाही दिवस गाठा. गर्दीत पाकीट आणि फोन सांभाळा.

जुनी लेन्स घ्यायची असेल तर आपला कॅमेरा, बॅटरी आणि रिकामं मेमरी कार्ड सोबत असू द्या. तपासल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. क्रमांक आणि बिल जुळतात का, ते पाहा. घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, कारण चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या वेळोवेळी बदला. महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. वापरात असलेल्या काचेला बुरशी सहसा धरत नाही.